पास आणि फेल
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या पिढीला एबीसीडी भेटली ती पाचवीत. पहिलीपासून इंग्रजी राज्यात आलं 2000 साली, आपण शाळेतून बाहेर पडल्यावर. पण पाचवीच्याही आधी दोन इंग्रजी शब्द बोरी अरबच्या घराघरांत होते: पास आणि फेल. आज त्यांच्याबद्दलच बोलते.

'पास'चं मूळ लॅटिन, अर्थ पाऊल. म्हणून हा शब्द सारखा चालत असतो. दारव्ह्याला जायचा एसटीचा पास, मैदानावर बॉल पास, बँकेत लोन पास, विधानसभेत बिल पास आणि पारावर टाइमपास. आपल्या 'आईपाशी'तल्या 'पाशी'शी मात्र त्याचं नातं नाही. ते संस्कृत 'पार्श्व'चं लेकरू.

'फेल'चं मूळही लॅटिनच. तिथे अर्थ होता फसवणं, दगा देणं. आपल्याकडे गाडीचे ब्रेक फेल होतात, शेतातली बोअर फेल जाते, किडनी फेल होते. जिने दगा दिला ती वस्तू फेल. परीक्षेत मात्र पोरगंच फेल! 'पास'ला फारसी 'ना' जोडून आपण 'नापास' घडवला, तोही माणसालाच चिकटवला.

सॉफ्टवेअरमध्ये रोज चाचण्या फेल होतात. कुठे अडलं ते संगणक दाखवतो. तेवढं दुरुस्त करून चाचणी पुन्हा चालवायची. त्यासाठी अख्खा प्रोग्राम कोणी फेकून देत नाही. तिथे 'फेल' म्हणजे एवढंच, की इथे काम बाकी आहे.

दहावीत 100 पैकी 35 ची रेघ होती. एका विषयात अडकलेली मैत्रीण ऑक्टोबरला बसली, पुन्हा अडकली आणि शाळेच्या रस्त्यानं यायचीच थांबली. पुढे मंडळानं गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण'ऐवजी कौशल्य विकासाला पात्र असल्याचा शेरा लिहायला सुरुवात केली. कागदावरचा शब्द बदलला, मनातला बदलायचा आहे.

आज इथे आलेले आपण बहुतेक पास झालेलेच. म्हणून एक विनंती. पुढच्या मेळाव्याची यादी निकालावरून नको, दहावीच्या हजेरीपटावरून करू या. त्यात पास-फेल नसतं. हजर की गैरहजर, एवढंच असतं. गैरहजर मैत्रिणींच्या घरी जायचं काम मी घेते. सोबत कोण येतं?