मुक्या सोबत्याची छबी आणि आपली सबुरी
(मल्लेश्वरम येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळातील जुन्या कुटुंबांचे आल्बम चाळण्याचे काम माझ्याकडे आले. बारशी, मुंजी, गणेशोत्सवातील नाटके, सारे काही त्यांत होते. परंतु ज्या मुक्या सोबत्यांनी या घरांना घरपण आणले, ते मात्र चित्राच्या कडेला अर्धे शेपूट किंवा पुसट कान एवढ्याच रूपाने उरले आहेत. आमच्या मोत्याचेही तसेच झाले. तेरा वर्षे तो आमचा उंबरठा राखून होता. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाने परवा त्याचा एखादा फोटो मागितला, आणि पाठवण्याजोगा एकही सापडला नाही.

असे का झाले, याचा मी विचार केला. आमच्याकडे आग्फा क्लिक कॅमेरा होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटो जपून. मोत्याची पाळी आली की घरातील पाचही जण एकदम ओरडत, ‘‘मोत्या, इकडे बघ!’’ कोणी शिट्टी वाजवी, कोणी त्याची मान धरून वळवी. तो बिचारा कान पाडून खाटेखाली जाई आणि आम्ही म्हणत असू, ‘‘याला फोटो काढून घ्यायची अक्कल नाही!’’ अक्कल कोणाला नव्हती, हे आज कळते.

आपल्या काडू मल्लेश्वराच्या मंदिराशी शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव जोडलेले आहे, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या समोरच्या नंदीतीर्थातील पाषाणाचा नंदी कोणासाठीही निश्चल बसतो. जिवंत वासरू तसे बसणार नाही. त्याच्यासाठी आपणच नंदी व्हावे लागते.

प्राण्याच्या छायाचित्रासाठी किती काळ थांबावे लागते, याचे थोर उदाहरण अमेरिकेतले आहे. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, या प्रश्नावर एडवर्ड मायब्रिज याने १८७२ साली काम सुरू केले. निर्विवाद चित्रमालिका हाती आली ती १८७८ साली, ओळीने मांडलेल्या बारा कॅमेऱ्यांच्या साहाय्याने. घोडा धावताना वाटेवरचे दोरे तोडी आणि एकेक कॅमेरा उघडे. घोड्याला कोणी थांबविले नाही. त्याच्या गतीशी यंत्राने जुळवून घेतले. चारही पाय सुटतात, हे तेव्हा सिद्ध झाले.

घरच्या प्राण्याशीही असेच जुळवून घ्यावे. कुत्र्यामांजराला रोखून पाहणे म्हणजे धमकावणे वाटू शकते, आणि कॅमेऱ्याचे भिंग हा तर न लवणारा मोठा डोळाच. म्हणून पहिले दोन दिवस कॅमेरा नुसता जवळ ठेवावा. त्याने तो हुंगावा, त्याला त्याचा कंटाळा यावा. मग जमिनीवर बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. उभ्याने वरून घेतलेल्या चित्रात कुत्र्याची फक्त पाठ येते, स्वभाव येत नाही. फ्लॅश टाळावा, त्याने डोळे भुतासारखे चमकतात. व्हरांड्यातील सकाळचा तिरपा उजेड पुरेसा असतो. काळ्या कुत्र्याला कॅमेरा आपोआप जास्त उजळवतो, म्हणून तेथे उजेडाचे माप थोडे कमी करावे. पांढऱ्या मांजरीला उलट. तो जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला, डोळ्यांचे पांढरे दिसू लागले, तर तो कंटाळलेला किंवा घाबरलेला असण्याचा संभव आहे. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा. मांजरीकडे पाहून डोळे सावकाश मिटावे. मांजरी या खुणेला ओळख देतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनात दिसून आले.

आज मोबाइलने एका मिनिटात शंभर फोटो निघतात. बारा फोटोंच्या जमान्यात काटकसर आपल्याला थांबायला लावी. तरीही आम्ही थांबायला शिकलो नाही. आता थांबवणारे कोणीच नाही, तेव्हा ते शहाणपण स्वतःहून आणावे लागते. शंभरांत एक चांगला निघेल, हा हिशेब यंत्राचा झाला. प्राण्याला ओळखून त्या एका क्षणाची वाट पाहणे हा स्नेहाचा.

आमच्या घरी आता मनी नावाची मांजर आहे. तिच्यासाठी मी नऊ सकाळी कट्ट्यावर बसलो. आठ दिवस तिने मला पाठ दाखविली. नवव्या दिवशी ती संपिगेच्या फुलांजवळ येऊन बसली आणि माझ्याकडे पाहून डोळे मिटले. तो फोटो मी मुलाला पाठविला. त्याचे उत्तर आले, ‘‘बाबा, मोत्यासाठीही असे बसायला हवे होते.’’

खरे आहे. कुत्र्यामांजरांचे आयुष्य आपल्या मानाने थोडे. आपल्या घरी जो आज दाराशी बसला आहे, त्याच्यापाशी उद्या सकाळी थोडा वेळ बसा. एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.