पालकांची तक्रार ऐकावी



‘मूल वाढवणे फार कठीण झाले आहे,’ असे एखादी आई म्हणाली की वडीलधारे चटकन सुनावतात, ‘आम्ही पाच-पाच वाढवली, कधी कुरकुर केली नाही.’ हे खरे असले तरी अपुरे आहे. ती पाच मुले एकट्या आईने वाढवली नव्हती. आजी न्हाऊ-माखू घालीत असे, आत्या गोष्टी सांगत असे, काका दटावीत असत आणि वाड्यातली शेजारीण हक्काने जेवू घालीत असे. आज तो सारा भार दोन खोल्यांतील दोघांवर, बहुधा एकीवरच, येऊन पडला आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्राचा एकूण जननदर 1.7 आहे. मुले कमी झाली. परंतु त्यांना सांभाळणारे हात त्याहून कमी झाले. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, हे स्वागतार्हच. तथापि ती संपते तेव्हा बाळ जेमतेम सहा महिन्यांचे असते. मोलमजुरी करणाऱ्या मातेच्या वाट्याला तर तीही येत नाही.

तक्रार करणाऱ्या पालकांची माया आटलेली नसते. ते थकलेले असतात. ‘मातृदेवो भव’ म्हणणाऱ्या समाजाने त्या मातेला घटकाभर विसावाही द्यावयास हवा. म्हणून शेजारच्या घरी उपदेश करण्यापूर्वी एक करावे: आठवड्यातील एक संध्याकाळ ते मूल आपल्या अंगणात खेळवावे. कुटुंबव्यवस्थेच्या गौरवाची भाषणे पुष्कळ झाली. तिचा आरंभ येथून होतो.