तुटलेला दुवा आणि मुलाचे ताट
(माढा येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक असतो. त्याच्या आधारे मूळ नोंद सापडते. परंतु रजिस्टरच जागेवरून हलले, तर क्रमांक बरोबर असूनही निरुपयोगी ठरतो. संगणकावरील एक्सेलच्या दोन फाइलींमधला दुवा नेमका असाच असतो. पटाच्या फाइलीतील संख्या पोषण आहाराच्या फाइलीत आपोआप यावी म्हणून सूत्र घातले, की त्यात फोल्डर, फाइलीचे नाव, पानाचे नाव आणि घराचा पत्ता या चार गोष्टी नोंदल्या जातात. फाइलीचे नाव बदलले किंवा ती पेनड्राइव्हवर हलविली, की वाट तुटते.

माढा तालुका उसाचा आहे. गाळपाच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुले जवळच्या शाळेत दाखल होतात. समजा, एका वस्तीवरील शाळेचा पट ४२ होता. १५ मुले वाढून तो ५७ झाला. शिक्षकाने पटाच्या फाइलीत दुरुस्ती केली व ती नव्या नावाने जतन केली. आहाराची फाइल जुन्याच नावाकडे पाहत राहिली आणि तिच्यात ४२ हाच आकडा कायम राहिला. मूळ फाइलीतून नवी संख्या आली नाही, तर एक्सेल शेवटची ठाऊक असलेली संख्या दाखवीत राहते, हे ध्यानी ठेवावे. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, या हिशेबाने दिवसाला दीड किलो व २४ दिवसांत ३६ किलो तांदूळ मागणीतून गळतो. चूक कागदावर होते. ताट मात्र मुलाचे अपुरे राहते.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. प्रथम फाइलीची प्रत काढून ठेवावी. मग 'डेटा' या विभागातील 'एडिट लिंक्स' उघडावे. नव्या आवृत्तीत त्यास 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. तेथे जोडलेल्या फाइलींची यादी दिसते. जी सापडत नाही, तिच्यासाठी 'चेंज सोर्स' निवडून योग्य फाइल दाखवावी. त्या फाइलीकडे जाणारी सर्व सूत्रे एकदम सुधारतात. यादीत नाव दिसते, पण सूत्र कोठे आहे ते कळत नाही, अशा वेळी सूत्रांमध्ये '[' हे चिन्ह शोधावे. तरीही न सापडल्यास दुवा नाव दिलेल्या क्षेत्रांत अथवा सशर्त रंगसजावटीत दडलेला असू शकतो.

घरात '#रेफ!' अशा अर्थाची खूण दिसल्यास मूळ पान, ओळ किंवा स्तंभच पुसला गेला असण्याचा संभव असतो. तेथे सूत्र नव्याने लिहावे लागते. 'ब्रेक लिंक' ही मात्र दुरुस्ती नव्हे. त्याने सूत्र जाऊन आकडा गोठतो आणि ही क्रिया मागे घेता येत नाही.

याहून कपटी दोष निराळाच. आहाराची फाइल बंद असताना पटाच्या फाइलीत मध्ये एक ओळ घातली, तर दुवा तुटत नाही. तो शेजारच्या घरातील भलताच आकडा निमूटपणे आणतो. म्हणून एकूण पटाच्या घरास स्वतंत्र नाव द्यावे आणि सूत्रात तेच वापरावे.

दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्यात व हलवायच्या तर फोल्डरच हलवावा. केंद्राकडे माहिती पाठविताना फक्त आकडे असलेली वेगळी प्रत द्यावी, कारण तेथील संगणकावर मूळ फाइल नसते.

शेवटी, महिन्याच्या पहिल्या दिवशी हजेरीपत्रक हाती घेऊन नावे मोजावीत आणि पडद्यावरील आकड्याशी ताडून पाहावीत. या कामास पाच मिनिटे पुरतात. वर्गात बसलेले मूल हीच मूळ नोंद. बाकी सारे तिचे उतारे होत.