फ्लॉरेन्स : पायीं पाहण्याचें शहर

युरोपांतील पुष्कळ जुनीं नगरें वाहनांत बसून पाहतां येतात. इटलींतील फ्लॉरेन्स मात्र पायींच पाहावें लागतें. तेथील लोक त्यास फिरेंझे म्हणतात. त्याचा जुना गाभा इतका आटोपशीर आहे कीं, मुख्य देवालयापासून आर्नो नदीवरील जुन्या पुलापर्यंत जावयास दहा-बारा मिनिटें पुरतात. परंतु ज्यानें हें अंतर दहा मिनिटांत तोडलें, त्यानें फ्लॉरेन्स पाहिलें नाहीं असें खुशाल समजावें.

नवख्या प्रवाशाची पहिली फजिती होते ती घरांच्या क्रमांकांमुळें. एकाच रस्त्यावर तांबडे आणि निळे असे दोन निरनिराळे क्रम चालतात; तांबडे दुकानांचे, निळे राहत्या घरांचे. निळ्या बारापाशीं उभें राहून तांबडा बारा शोधणारास बरेंच पुढें जावें लागतें. अशा वेळीं विचारीत विचारीत जावें. सवड काढून आलेल्या माणसास त्याचें वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

देवालयाचा पाया १२९६ सालीं घातला गेला, पण घुमटाची जागा शंभराहून अधिक वर्षें उघडीच राहिली. सुमारें ४५ मीटर रुंदीचें तें अष्टकोनी तोंड झांकावें कसें, हा प्रश्न होता. खालून आधार देण्यास लागणारें लांकूड आणावें तरी कोठून? ब्रुनेलेस्की हा मूळचा सोनार. त्यानें १४२० मध्यें काम आरंभिलें आणि १४३६ मध्यें घुमट पुरा केला. घुमटाच्या आंत दुसरा घुमट, आणि विटा अशा तिरक्या गुंफलेल्या कीं प्रत्येक थर चढतांनाच स्वतःस सांवरून धरतो. ह्या दोन कवचांमधून ४६३ पायऱ्या चढून वर जातां येतें. चित्रशाळा पाहूं नयेत असें नव्हे. पण आधीं घुमट चढावा, म्हणजे शहर एकदां नजरेखालून जातें.

नदीवरील जुना पूल १३४५ चा. त्यावर पूर्वीं खाटकांचीं दुकानें होतीं. दुर्गंधीस कंटाळून १५९३ मध्यें राज्यकर्त्या फर्डिनांडनें त्यांस उठविलें व सोनारांस बसविलें. ते सोनार अद्याप तेथेंच आहेत. ऑगस्ट १९४४ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें आर्नोवरील इतर सारे पूल सुरुंगानें उडविले, हा एकच राखला. मात्र वाट अडविण्यासाठीं त्याच्या दोन्ही तोंडांवरील जुनीं घरें पाडलीं. निरखून पाहणारास तेथील इमारतींचा नवेपणा लगेच जाणवतो.

नदीच्या प्रवाहाबरोबर थोडें खालीं गेलें कीं सान्ता त्रिनिता हा पूल येतो. आम्मान्नातीनें तो १५६९ मध्यें पुरा केला होता. त्याच्या कमानींइतकी नाजुक रेषा दगडांत क्वचितच आढळते. तोहि १९४४ मध्यें उडाला. पुढें नगरवासीयांनीं होता तसाच, होता तेथेंच पूल हवा असा हट्ट धरला. नदीच्या तळांतून जुने दगड वर काढले, उणे पडले त्यांसाठीं जुनीच खाण पुन्हां उघडली, आणि १९५८ मध्यें पूल उभा राहिला. त्याच्या कोंपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. त्यांतील वसंताचें मस्तक तेवढें सांपडेना. तें १९६१ मध्यें नदीच्या गाळांत मिळालें व धडावर बसविलें गेलें. येथें घटकाभर कठड्याशीं उभें राहावें. परंतु ह्याच नदीनें ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं शहर बुडविलें. सान्ता क्रोचे भागांतील एका भिंतीवर त्या पुराची खूण आहे, आणि तिच्या सोबतीस १३३३ च्या पुराची. दोहोंची तारीख एकच.

मराठी प्रवाशानें मात्र एक सकाळ राखून ठेवावी. उजव्या कांठानें पश्चिमेस गेलें कीं कासिने नांवाचें सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीचें उपवन लागतें. त्याच्या अगदीं टोंकास मुन्योने हा ओढा आर्नोस मिळतो. त्या संगमावर एक छत्री आहे, आणि छत्रीखालीं एका तरुण राजाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपति राजाराममहाराज, दुसरे. १८७० सालीं ते इंग्लंडास गेले, राणी व्हिक्टोरियास भेटले, जें पाहिलें त्याची रोजनिशी ठेवीत राहिले. ती १८७२ मध्यें लंडन येथें छापली गेली. परतीच्या वाटेवर प्रकृति ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स मुक्कामीं त्यांचें निधन झालें. वय अवघें वीस वर्षांचें.

फ्लॉरेन्स तेव्हां इटलीची राजधानी होतें, आणि दहनाची चाल तेथें नव्हती. बरोबरच्या मंडळींनीं दोन प्रवाहांच्या मीलनस्थानीं दहन व्हावें अशी विनंति केली; नगराधिकाऱ्यांनीं खास बाब म्हणून ती मान्य केली. रात्रींच्या अंधारांत चिता पेटली. पंचगंगेच्या कांठीं जें व्हावयाचें, तें आर्नोच्या कांठीं झालें.

१८७४ मध्यें स्मारक उभें राहिलें. अर्धपुतळा फुलर ह्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीची आंखणी मँट ह्यांची, ज्यांनीं पुढें कोल्हापुरांतील नवा राजवाडा आंखला. शंभर वर्षांनंतर जवळच तारांच्या आधाराचा मोठा पूल झाला. त्यास नांव देतांना फ्लॉरेन्सकरांनीं दुसरें शोधलें नाहीं : पोंते आल्लिंडियानो, म्हणजे त्या हिंदी माणसाजवळचा पूल.