वेल्सच्या कादंबऱ्या : रसिकांच्या तराजूंत



विख्यात इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स १८६६ सालीं जन्मला व १९४६ सालीं वारला. त्याच्या निधनाला कित्येक तपें लोटलीं, तरी त्याच्या वाचकांत अद्याप एकमत नाहीं. कोणी त्याला द्रष्टा म्हणून गौरवितो, कोणी उपदेशक म्हणून नाक मुरडतो, तर कोणी त्याचें विज्ञानच कच्चें ठरवितो. या मतांचा आज थोडा निवाडा करूं.

पहिला आक्षेप शास्त्राभिमानी वाचकांचा. आणि त्यांचा मुखत्यार खुद्द जूल व्हर्न! व्हर्ननें १८६५ सालच्या कादंबरींत माणसांना तोफेच्या गोळ्यांत बसवून चंद्राकडे धाडलें. वेल्सनें १९०१ सालीं गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थ कल्पिला आणि त्याच्या बळावर दोघे प्रवासी चंद्रावर उतरविले. असा पदार्थ असेल तर आणून दाखवावा, अशा आशयाची तक्रार व्हर्ननें केली. 'अदृश्य माणसा'विषयींहि असाच आक्षेप आहे. ग्रिफिनच्या शरीराचा वक्रीभवनांक हवेइतका झाला म्हणून तो दिसेनासा होतो. पण मग त्याच्या डोळ्यांतील भिंग प्रकाशकिरण वळविणार कसें? अर्थात् अदृश्य माणूस आंधळाच व्हावयाचा. डोळ्याच्या पडद्यामागें पुसटसा रंग उरला होता, असें वेल्सनें लिहून ठेविलें आहे खरें. परंतु त्यानें पडद्याची सोय झाली, भिंगाची नाहीं.

तथापि वेल्स अडाणी नव्हता. साउथ केन्सिंग्टन येथें त्यानें थोर जीवशास्त्रज्ञ हक्सले यांच्या हाताखालीं धडे घेतले होते. त्याची प्रतिज्ञाच वेगळी होती. १९३३ सालच्या एका प्रस्तावनेंत त्यानें ती सांगितली आहे : अशक्य गोष्ट एकच मानावी, आणि बाकी सारें नित्याच्या व्यवहाराप्रमाणें चालूं द्यावें. म्हणूनच त्याच्या अदृश्य माणसाला थंडी वाजते, कुत्रीं त्याला वासावरून ओळखतात, आणि खाल्लेलें अन्न पचेपर्यंत त्याच्या पोटांत दिसत राहतें! एका थापेच्या पाठीवर इतकें प्रामाणिक तर्कशास्त्र बसविणें सोपें नव्हे.

दुसरा आक्षेप पात्रांविषयींचा. 'कालयंत्रा'च्या नायकाला नांवच नाहीं. 'विश्वयुद्धा'चा निवेदकहि निनांवी. स्त्रीपात्रें तर सावल्यांसारखीं येतात आणि जातात. पुढें कलेच्या प्रश्नावरून हेन्री जेम्सशीं बिनसलें, तेव्हां १९१५ सालीं वेल्सनें त्याला कळविलें कीं, मला कलावंतापेक्षां वृत्तपत्रकार म्हटलेलें अधिक आवडेल. हा आक्षेप मला बव्हंशीं मान्य आहे. मात्र आरंभींच्या छोट्या कादंबऱ्यांत निनांवी नायकाची जागा वाचकच घेतो, हा लाभहि विसरूं नये.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर. उत्तरायुष्यांत वेल्सला साऱ्या जगाचें एक राज्य व्हावें असा ध्यास लागला, आणि कथेची जागा प्रवचनानें घेतली. जॉर्ज ऑर्वेलनें १९४१ सालीं नेमकें बोट ठेविलें : राष्ट्राभिमान, अंधनिष्ठा, वैर यांचें बळ या समंजस माणसाला उमगलेंच नाहीं. पण आमच्या पिढीचें मन घडविण्यांत वेल्सचा मोठा वांटा आहे, हेंहि त्याच ऑर्वेलनें मोकळेपणानें कबूल केलें.

भाकितांचें काय? १९१४ सालच्या कादंबरींत त्यानें अणुबाँब हा शब्द व त्याचा संहार रंगविला. तो बाँब दिवसेंदिवस फुटतच राहतो, ही कल्पना चुकली. परंतु लिओ झिलार्ड या पदार्थवैज्ञानिकानें १९३२ सालीं ती कादंबरी वाचली, १९३३ सालीं त्याला साखळी-प्रक्रियेची कल्पना सुचली, आणि १९४५ सालीं हिरोशिमा भस्मसात् झालें. आपल्या कल्पनेची राख पाहण्यास वेल्स जिवंत होता.

आतां माझें मत. त्याचें खरें सामर्थ्य यंत्रांत नाहीं, भाकितांतहि नाहीं. तें बाजू उलटून दाखविण्यांत आहे. 'विश्वयुद्ध' १८९८ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां ब्रिटिश साम्राज्य ऐन भरांत होतें. अशा वेळीं जगज्जेत्या लंडनवरच त्यानें मंगळवासी चालून आणले, आणि पहिल्याच प्रकरणांत टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची युरोपियनांनीं कशी धूळधाण केली याची आठवण दिली. ते समूळ नष्ट झाले असें तो समजत होता. त्यांचे वंशज आजहि आहेत, हा त्या पानाचा दोष. तरी जेत्याला जिताच्या जागीं उभें करणारा हा इंग्रज, पारतंत्र्य भोगलेल्या देशांतील वाचकाला दूरचा वाटत नाहीं.

ज्यांना वेल्सचा परिचय नाहीं, त्यांनीं १८९५ चें 'कालयंत्र' प्रथम घ्यावें, प्रवचनें मागाहून. शास्त्राच्या चुका मुलांनीं अवश्य शोधाव्या, वडील मंडळींनीं त्यांचें कौतुक करावें. आणि मग त्यांना विचारावें कीं, मंगळवासीयांच्या जागीं आपण केव्हां केव्हां असतों? हा प्रश्न घरोघर निघाला, तर वेल्सच्या साऱ्या दोषांची भरपाई झाली असें मी समजेन.