रुळाची चीर आणि नळाचा गंज
(शाखेच्या सभेतील भाषण)

साथींनो,

रेल्वेच्या माणसाने गॅसच्या पाइपलाइनवर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. मी इंजिनिअर नाही, मॅट्रिक झालेला माणूस आहे. पण रुळाची चीर काय करते हे आपल्याला शिकवायला नको. कीमन रोज पायी बीट तपासतो, तरी रुळाच्या पोटातली चीर त्याला दिसत नाही. त्यासाठी अल्ट्रासॉनिक यंत्र फिरवावे लागते. गॅसची लाइन तर जमिनीत पुरलेली. तिथे कीमन जाणार कसा?

तिथे यंत्रच नळाच्या आत सोडतात. त्याला ‘पिग’ म्हणतात. आधी साफसफाईचे पिग जाते, मागून तपासणीचे. वाहत्या गॅसचा दाबच त्याला ढकलतो. त्यावरचे जबर लोहचुंबक नळाची भिंत चुंबकित करतात. गंजाने भिंत जिथे पातळ झाली, तिथे चुंबकीय रेषा बाहेर सांडतात आणि यंत्र ते टिपते. चाक अंतर मोजते, म्हणून खोदायचे कुठे ते कळते. लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर मात्र या चुंबकाला सहसा सापडत नाही. तिला ध्वनिलहरींचे वेगळे यंत्र लागते.

27 जून 2014 रोजी पहाटे आंध्र प्रदेशात, तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातील नगरम गावी गॅसची लाइन फुटून आग लागली. वीसहून अधिक माणसे गेली. कोरड्या गॅससाठी घातलेल्या लाइनीतून पाणी मिसळलेला ओला गॅस जात होता आणि गंजाने नळ खाल्ला होता, असे चौकशीत निघाले.

साथींनो, यंत्र दोष दाखवते, दुरुस्त करीत नाही. अहवाल कपाटात राहिला तर गंज थांबत नाही. खोदणारा, वेल्डिंग करणारा, पिग बाहेर काढताना झाकण उघडणारा शेवटी कामगारच. आत दाब उरला तर झाकण त्याच्या अंगावर येते. पिगबरोबर येणारी लोहगंधकाची भुकटी कोरडी राहिली तर हवा लागताच पेटते. ती ओलीच ठेवावी लागते. हे त्याला कोणी शिकवले का? तो कंत्राटी असला तरी शिकवलेच पाहिजे.

म्हणून आपले म्हणणे सरळ आहे. तपासणी वेळेवर व्हावी, दुरुस्तीला मुदत असावी आणि अहवालात काय निघाले ते लाइनीवर राबणाऱ्यालाही कळावे. रुळावर आपण हेच मागत आलो. नळावरचा कामगार आपलाच भाऊ आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!