फोन नुसताच ‘फोटो’ म्हणते!

(प्रभागसंघाच्या सभेत एका गटसखीने केलेले भाषण)



आज हप्त्यावर नाही, आपण जे निरोप पाठवतो त्यावर बोलते.

आमच्या गटात एक काकू आहेत. त्यांना दिसत नाही, पण बचत एकदाही चुकली नाही. मागच्या वर्षी कर्जमागणीची शेवटची तारीख मी व्हॉट्सअॅपवर टाकली, रंगीत चित्रावर, फुलं-बिलं लावून. सगळ्यांचे अर्ज आले, काकूंचा नाही. मला वाटलं, गरज नसंल. पुढच्या बैठकीत काकू म्हणाल्या, “मले बकरीसाठी पैसे पायजे होते माय. पण फोन नुसताच ‘फोटो’ म्हणते. त्यात काय लिवलं ते सांगतच नाही!”

चूक माझी, बकरी गेली काकूंची.

अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते. टाईप केलेलं ते मराठीत वाचून दाखवते. चित्रात लिहिलेलं मात्र त्याच्या हाती सहसा लागत नाही. संस्थांच्या वेबसाइटवरही हेच होते. पापड-शेवयांचा फोटो आणि भावही फोटोतच! मग न दिसणाऱ्या माणसानं घ्यावं कसं?

ही दयेची गोष्ट नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं अपंगत्व मानलं आहे. त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखनाची अडचण आहे, सिकलसेलही आहे. 30 एप्रिल 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ऑनलाइन सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी करताना “डोळे मिचकवा” म्हणतात. ज्यांना दिसत नाही किंवा अॅसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले, त्यांनी काय करावं? त्यांनीच हा खटला लढला.

आपल्याच जिल्ह्यात पहा. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची मानसकन्या माला हिला दिसत नाही. ब्रेल आणि ऐकायच्या पुस्तकांवर अभ्यास करून ती त्याच वर्षी एमपीएससीची परीक्षा पास झाली. हुशारी तिच्यात होतीच. पुस्तक तिला वाचता येईल असं मिळालं, म्हणून ती दिसून आली.

मग आपण काय करायचं?

एक, निरोप टाईप करा. फोटो टाकला तर त्यातला मजकूर खाली लिहा.

दोन, नुसता आवाजातला निरोप पाठवू नका. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तोच लिहूनही द्या.

तीन, एका निरोपात एकच गोष्ट. तारीख, वेळ, जागा वेगवेगळ्या ओळीत. पुष्कळ गोष्टी एकदम आल्या की काहींचा गोंधळ होतो.

चार, वेबसाइट करून घेताना प्रत्येक फोटोचं वर्णन लिहायला सांगा. आणि पैसे देण्याआधी दिव्यांग बहिणीला ती वापरून पाहू द्या. आपल्याला काय वाटते त्यापेक्षा तिला काय अडते, ते विचारा.

पाच, दिव्यांगांचा गट पाच जणींचाही होतो, दहाच पाहिजेत असं नाही. गावात कोणी सुटली असंल तर तिला सांगा.

यंदा मी तारीख साधी टाईप करून टाकली. पहिला अर्ज काकूंचा आला.

या महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा: आपला निरोप कोणापर्यंत पोचत नाही? जे उत्तर येईल ते इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय केलं तेही लिहा.